नाव एक, जनावरं तीन

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे दोन रांगा रिकाम्या आहेत. पत्रिकेत विषय छापलाय ‘प्राण्यांची नावे : भाषा आणि बोली’, तो वाचून मलाच जांभई आली, त्यामुळे प्रस्तावना वगैरे काही करत नाही, सरळ वाघावर येतो.

जुन्नरचा, किंवा अकोल्याचा (नगरकडचं अकोले बरं का, विदर्भातलं अकोला नव्हे, म्हणजे गावांच्या नावांचाही हाच घोळ आहे) शेतकरी जेव्हा म्हणतो की ‘काल उसात वाघ होता’, तेव्हा त्याला बिबट्या म्हणायचं असतं. पट्टेवाला वाघ त्याच्या आजोबांनीही बहुधा पाहिलेला नसतो. आणि चंद्रपूरचा माणूस ‘वाघ’ म्हणतो तेव्हा तो खरोखर पट्टेवाला असतो, कारण तिथे दोन्ही जनावरं एकाच रानात फिरतात, मग वेगळं सांगावंच लागतं, हा पट्टेरी, हा बिबट. आता यात चुकलं कोण? माझ्या मते कुणीच नाही. जुन्नरकडे गुरं-शेळ्या नेणारं मोठं मांजर एकच आहे, त्याला वाघ म्हटलं काय, वाघरू म्हटलं काय, ऐकणाऱ्याला बरोबर कळतं की आज शेळी आत बांधायची. गावातली नावं अशीच ठरतात हो. ज्या दोन जनावरांत फरक केला नाही तर नुकसान होतं, त्यांना दोन नावं. नुकसान होत नसेल तर एकावर भागतं.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या पाड्यांवर वाघोबा आहे, वारली लोक त्याला मानतात, वाघबारस करतात. तिथे जाऊन तुम्ही विचारायला लागलात की हा देव नेमका टायगरचा की लेपर्डचा, तर लोक तुमच्याकडे ज्या नजरेनं बघतील ती बघण्यासारखी असेल.

गडबड होते ती पुढे. गावातल्या पोरानं फोनवर सांगितलं ‘वाघ आलाय’, शहरातल्या चॅनेलवाल्यानं स्क्रीनवर लावला ताडोबाचा फोटो, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, आणि संध्याकाळपर्यंत चार तालुक्यांत बोंब की सह्याद्रीतून पट्टेरी वाघ उतरला. मग फॉरेस्टवाले येतात, पायाचा ठसा बघतात, बिबट्याचा निघतो, आणि गावाला म्हणतात अहो वाघ नाहीये, घाबरू नका. गावाला ऐकू येतं की सरकार म्हणतंय काहीच आलेलं नाही! इथून भांडणाला सुरुवात. दोन्हीकडचे खरं बोलत असतात, पण शब्द एकच आणि जनावरं दोन.

आणि हे फक्त आपल्याकडंच आहे असं समजू नका. उत्तराखंडात गढवाल-कुमाऊँला ‘बाघ’ म्हणजे बऱ्याच वेळा बिबट्याच, त्याला तिथे गुलदारही म्हणतात. राजस्थानात बिबट्याला बघेरा, त्यावरूनच ‘जंगल बुक’मधला बघीरा. हिंदी पुस्तकात तेंदुआ. सगळ्यात भारी प्रकार केरळ-तमिळनाडूच्या हद्दीवर आहे. तमिळमध्ये पुली म्हणजे पट्टेरी वाघ आणि बिबट्याला सिरुत्तै. घाट ओलांडून पालक्काडला उतरलात की मल्याळममध्ये पुली म्हणजे बिबट्या, पट्टेरी वाघाला कडुवा. एकच शब्द, एकच डोंगररांग, आणि अलीकडचं जनावर वेगळं, पलीकडचं वेगळं.

फारसीत जाल तर अजून मजा. तिथे शेर म्हणजे सिंह आणि बब्र म्हणजे वाघ. हे दोन्ही शब्द हिंदुस्थानात आले आणि इथल्या लोकांनी शेर हा शब्द वाघालाही लावायला सुरुवात केली, कारण सिंह दिसणार कुणाला, वाघ मात्र सगळीकडे. मग खऱ्या सिंहासाठी वेगळं काहीतरी हवं म्हणून बब्बर शेर. म्हणजे फारसी कानाला तो चक्क ‘वाघ सिंह’ झाला. पाकिस्तानात नवाझ शरीफांच्या पक्षाचं चिन्ह वाघ आहे, पण त्याला म्हणतात शेर, आणि हौशी कार्यकर्ते सभेला कधी पिंजऱ्यातून सिंह घेऊन येतात तर कधी वाघ, त्यांच्या दृष्टीनं दोन्ही बरोबर. आणि फारसीत बिबट्याला काय म्हणतात माहितीये? पलंग. आपल्या पलंगाशी त्याचा काही संबंध नाही, तो संस्कृतातून आला, पण इराणी माणसाला ‘पलंगावर झोपलो होतो’ असं सांगून बघा एकदा.

आता चित्ता. हा शब्द मूळचा आपला, संस्कृत चित्रक, म्हणजे अंगावर चित्रं असलेला. ठिपके आले की चित्रक, मग तो धावणारा चित्ता असो की झाडावर चढणारा बिबट्या. इंग्रजांनी हिंदीतला चीता उचलून चीटा केला, पण त्यांच्या जुन्या कागदांत चित्त्यालाच बऱ्याच ठिकाणी ‘हंटिंग लेपर्ड’ म्हटलंय, कारण राजेलोक तो शिकारीला पाळायचे. कोल्हापूर संस्थानात तर विसाव्या शतकात आफ्रिकेहून चित्ते आणवून त्यांच्याकडून काळविटं धरवायचे, सांभाळायला चित्तेवान असायचे. त्यामुळे जुन्या शिकारनोंदी वाचताना मोठी पंचाईत होते, साहेबानं लेपर्ड लिहिलं, पँथर लिहिलं, चीता लिहिलं, आणि मारलं नेमकं काय ते कळायला कातड्याचं वर्णन शोधावं लागतं.

1952 साली भारतातून चित्ता संपल्याचं सरकारनं जाहीर केलं. प्राणी गेला पण शब्द राहिला, आणि रिकामा शब्द फार दिवस रिकामा राहत नाही. सत्तर वर्षं आपण आरामात बिबट्यालाच चित्ता म्हणत आलो, पेपरात छापलं, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, कुणाचं काही बिघडलं नाही कारण खरा चित्ता हरकत घ्यायला होताच कुठे. मग 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाचे आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आले, फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे बारा. आणि कुनोच्या जंगलात बिबटे भरपूर! आता ‘चीता दिखा’ असं गावकऱ्यानं सांगितलं तर ते तपासावंच लागतं. आसपासच्या गावांत ‘चीता मित्र’ म्हणून माणसं नेमली ती लोकांशी याबद्दल बोलण्यासाठीच. ओळख सोपी आहे तशी. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ ओघळलेली असते आणि ठिपके भरीव असतात, बिबट्याला रेघ नाही आणि ठिपके पोकळ, फुलासारखे. पण ही ओळख पोस्टर बघताना, अंधारात बॅटरी मारल्यावर कोण ठिपके मोजतंय.

पँथरचं पटकन सांगतो. भारतीय इंग्रजीत पँथर म्हणजे बिबट्याच, आणि ब्लॅक पँथर ही काही वेगळी जात नाही, काळ्या रंगाचा बिबट्या. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीवरून नाव घेऊन, आणि अमेरिकेत मात्र पँथर म्हटलं की फ्लोरिडाकडे प्यूमा समजतात, तो तर या घराण्याच्या दुसऱ्याच शाखेतला.

बरं, वाघ पुरे. कोल्ह्याकडे येऊ, कारण इथे शाळेचे मास्तर बसलेत आणि हा घोळ शाळेत तयार होतो. ‘फॉक्स म्हणजे कोल्हा’ असं आपण सगळे शिकलोय. साफ चूक. आपला कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्सला मराठीत खोकड म्हणतात, लहानसं, मोठ्या कानांचं, माळरानावर बिळात राहणारं, झुपकेदार शेपटीच्या टोकाला काळा गोंडा. तुम्हाला पुरावा पाहिजे तर भाषेतच आहे. कोल्हेकुई कोण करतं? खोकड टोळीनं असं रडत नाही, ते जॅकलचं काम. कोल्हा काकडीला राजी, तर काकडीच्या मळ्यात शिरणारा तोच. पंचतंत्रातला शृगाल तोच. मग द्राक्षं आंबट म्हणणारा कुठून आला? तो ग्रीक, इसापाचा फॉक्स. इंग्रजीतून मराठीत गोष्टी आणताना कुणीतरी त्याला कोल्हा केलं, आणि तसं करणं स्वाभाविकच होतं, गोष्टीला धूर्त प्राणी हवा होता आणि आपल्याकडे ती पोस्ट कोल्ह्याकडे आधीपासून आहे. हिंदीवाल्यांनी लोमडी आणि सियार वेगळे ठेवले, आपल्याकडं खोकड बिचारं पुस्तकातून बाहेरच पडलं. गोष्टीपुरतं ठीक आहे. पण आता काय होतं, नवी मुंबईत खारघर, ऐरोलीच्या खारफुटीत कोल्हे आहेत, रात्री कंपाउंडपाशी दिसतात, आणि इंग्रजी शाळेतली पोरं व्हिडिओवर लिहितात ‘फॉक्स’. खोकडाला खारफुटीत काय काम! त्याला कोरडा माळ लागतो, आणि तो माळ आपण पडीक म्हणून प्लॉट पाडून विकतोय. ज्या प्राण्याचं नावच लोकांना येत नाही त्याच्या माळासाठी मोर्चा कोण काढणार.

पुढचा माझा आवडता गोंधळ, ऊद. हिंदीत ऊदबिलाव म्हणजे पाण्यात मासे धरणारं, आपण ज्याला पाणमांजर म्हणतो ते. मराठीत उदमांजर म्हणजे रात्री कौलांवरून धावणारं, फणसावर ताव मारणारं सिव्हेट. आता हिंदी बातमीचं मराठी करणाऱ्यानं ऊदबिलावचं उदमांजर केलं की नदीतला प्राणी डायरेक्ट माळ्यावर येतो, आणि मी हे छापलेलं वाचलंय. शिवाय याच कौलावरच्या मांजराला बऱ्याच ठिकाणी मसण्याऊद म्हणतात. मसण्या, म्हणजे मसणातला. उत्तरेत कबर बिज्जू, तिथे तर या मांजराला आणि रॅटेलला, म्हणजे हनी बॅजरला, आपल्या चांदी अस्वलाला, दोघांनाही बिज्जू चालतं. रॅटेल जमीन उकरण्यात पटाईत आहे. हे मांजर फळं खातं, उंदीर खातं, त्याला कबर उकरण्यात काडीचा रस नाही. पण नाव असं पडलं की लोक ते दिसलं रे दिसलं की काठ्या घेतात, लहान मुलं उचलून नेतं म्हणतात. त्या नावानं किती मांजरं मेली असतील याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

नावामुळे जीव जातो तसा वाचतोही. नीलगाय बघा. ती गाय नाहीच, कुरंग आहे, म्हणजे अँटेलोप. विदर्भात तिला रोही म्हणतात, आणि रोही पिकात शिरली तर शेतकरी शिव्या देतो, त्यात धर्म येत नाही. उत्तरेत नावात गाय आहे म्हणून हात उचलत नाहीत. म्हणूनच उत्तरेकडच्या राज्यांत पिकांचं नुकसान वाढल्यावर ‘नीलगाय’ नाव काढून रोजड किंवा रोझ म्हणा अशा हालचाली झाल्या, म्हणजे मारायला मन धजेल. प्राणी तोच, पीक तेवढंच खाणार, फक्त कागदावरची गाय काढायची. मला हे आधी हास्यास्पद वाटायचं, आता वाटतं की त्यात मोठी हुशारी आहे, शब्दाची ताकद त्या अधिकाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त कळली होती. गव्याचं उलट. गव्याला साहेबानं बायसन म्हटलं आणि दाजीपूरचं अभयारण्य बायसनचं म्हणून प्रसिद्ध झालं. बायसन अमेरिकेत आणि युरोपात असतो, आपला तो गवा, इंग्रजीतही त्याला गौरच म्हणायचं. तरी रिसॉर्टच्या पाट्यांवर अजून बायसन, कारण गवा म्हटलं की पर्यटकाला खोलीचं भाडं जास्त वाटतं.

सापांचं थोडक्यात, पण नीट ऐका. घोणस ही विषारी, विदर्भात तिलाच परड म्हणतात. डुरक्या घोणस हा बिनविषारी, जाडजूड, मातीत राहणारा. दोघांच्या नावात घोणस. कुणी ऐकलेलं असतं की घोणस चावत नाही, आमच्या आजोबांनी हातात धरली होती, ती ही दुसरी. आणि घोणशीच्या पिल्लाला अजगराचं पिल्लू समजून उचलणारे तर दर पावसाळ्यात असतात, अंगावरचे पट्टे-ठिपके लांबून सारखे वाटतात ना. तेव्हा साप चावल्यावर नावावरून वाद घालत बसू नका. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच असते, डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही, त्यात अजून एकजण चावून घेतो. चावलेला हात-पाय न हलवता, पेशंटला न चालवता सरळ दवाखाना.

आता मासे! मला माहितीये अर्धे लोक यासाठीच आलेत. किनाऱ्यावर नावांची नुसती लयलूट, कारण मघाशी म्हटलं तेच, जिथे फरक करणं गरजेचं तिथे शब्द वाढतात. देशावरच्या माणसाला खेकडा एवढा एक शब्द पुरतो. मुंबईच्या कोळीवाड्यात चिंबोरी, मालवण-गोव्याला कुर्ली. देशावर कोळंबी म्हणजे कोळंबी, लहान असो मोठी असो. इथे अगदी बारीक तो जवळा, त्याहून जरा मोठी करंदी, मग कोळंबी, सोलून सुकवली की सोडे, गोव्यात गेलात तर सुंगटं, आणि हिंदीवाला ग्राहक आला की कोळीणच म्हणते ‘झिंगा लेलो साब’. मुंबईची सुरमई गोव्यात इसवण. मुंबईत शार्कला मुशी, मालवणात मोरी. आमच्या ओळखीच्या एका पुणेरी बाईंना मालवणात जेवायला नेलं, यजमानीण कौतुकानं म्हणाली आज मोरीचं मटण केलंय. पुण्यात मोरी म्हणजे भांडी घासायची जागा. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही, पण नंतर दोनदा वाढून घेतलं हेही खरं.

जिताडा घ्या. अलिबाग-पेणकडे जिताड्याचा मान काय विचारता, साहेबाकडे काम असेल तर जिताडा, जावई आला तर जिताडा. तोच गोव्यात चोणक. तोच बंगालमध्ये भेटकी, लग्नाच्या पंगतीत फ्राय. पण तुम्ही अलिबागच्या माणसाला कोलकात्याच्या हॉटेलात न्या, तो भेटकी वाचून काहीतरी परकं आहे समजून चिकन मागवतो. आणि चिकन मागवतो तेच बरं, कारण भेटकीच्या नावावर बासा खपवला जातो ही तिकडची जुनी तक्रार आहे. बासा म्हणजे व्हिएतनामकडून गोठवून येणारा, तळ्यात वाढवलेला, पांढरा, काटे नसलेला, आणि चवही नसलेला, हे माझं वैयक्तिक मत.

नाव इंग्रजीत गेलं की किंमत बदलते हा यातला खरा धंदा आहे. रावस हा मेनूवर ‘इंडियन सॅल्मन’ होतो. सॅल्मनशी त्याचं काही नातं नाही, तो वेगळ्याच कुळातला. अमेरिकेत गेलेली आपली मंडळी सॅल्मन आणून रावसाचं कालवण करायला जातात आणि म्हणतात इथल्या माशाला चव नाही, अहो तो मासाच तो नाही. हलव्याला ब्लॅक पॉम्फ्रेट म्हणतात, तोही पापलेटाच्या घरातला नव्हे. बोंबलाला बॉम्बे डक का म्हणतात यावर डाकगाडीची एक गोष्ट सांगतात, मुंबईचा मेल, त्यात सुका बोंबील, म्हणून बॉम्बे डाक. गोष्ट झकास आहे, फक्त आपल्याकडे रेल्वे आली 1853 ला आणि ते इंग्रजी नाव त्याच्या आधीच छापलेलं सापडतं.

पापलेट हा शब्दसुद्धा फिरून आलेला आहे, बहुतेक पोर्तुगीज पांपोवरून इंग्रजी पॉम्फ्रेट, आणि त्याचं आपण केलं पापलेट. मूळचं कोळी नाव सरंगा. 2023 मध्ये सरकारनं त्याला राज्यमासा जाहीर केलं, सगळीकडे बातमी ‘सिल्व्हर पापलेट’ अशी. सातपाटीच्या कोळणीनं ती ऐकून विचारलं असेल की हा कुठला नवीन. लहान पिल्लं पकडू नका, अमुक सेंटीमीटरखाली विकू नका, हे नियमही आता आहेत, चांगले आहेत, पण नियम ज्या नावानं लिहिता त्या नावानं बंदरावर कुणी मासा ओळखतच नसेल तर तो पाळणार कोण? रायगडचा एक शब्द, सिंधुदुर्गचा दुसरा, हे सगळं त्या कागदावर यायला पाहिजे.

कुणीतरी म्हणेल मग शास्त्रीय नाव वापरा की. वापरा, 1758 पासून लिनिअसची पद्धत चालतेय आणि जगभर तीच कामाला येते. पण तिथेही गमती आहेतच. लेपर्ड हा शब्द लॅटिनमधला, लिओ आणि पार्डस मिळून, कारण जुन्या लोकांना वाटायचं हा सिंहाचा आणि ‘पार्ड’ नावाच्या प्राण्याचा संकर आहे. म्हणजे युरोपातले पंडितही आपल्या जुन्नरच्या शेतकऱ्यापेक्षा फार पुढे नव्हते. मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर जंगलातल्या लोकांकडून नावं गोळा केली, त्याचं मोल यासाठी आहे. लॅटिन नाव तुम्हाला प्राणी कोणता ते सांगतं. गोंडी, वारली, कोळी नाव सांगतं की त्या माणसाचं त्याच्याशी काय देणंघेणं आहे. पंचनाम्यावर, बोर्डावर, बातमीत दोन्ही लिहायला जागा पुरते हो.

वेळ संपत आलाय, एखादा प्रश्न घेतो. हां, काकू, बोला.

काकू विचारतायत की हॉटेलात रावस म्हणून रावसच देतात हे कसं ओळखायचं. काकू, डोक्यासकट अख्खा मासा दाखवा म्हणायचं. रावसाच्या गळ्याखाली, पंखांपाशी, मिशांसारखे चार मोकळे धागे असतात दोन्ही बाजूंना, ते दिसले की डोळे झाकून ऑर्डर द्या. तुकडे करून, कातडी काढून समोर आला तर मलाही सांगता येत नाही, अशा वेळी मी डाळभात मागवतो.